माशांचं घर बदलताना

केडगावात नवं घर झालं की दसरा नाहीतर पाडवा धरून सामान हलतं. कपाटं, फ्रीज, देव्हारा सगळं टेम्पोत चढतं आणि मग कुणाला तरी हॉलमधला फिशटँक आठवतो. मला फोन येतो, "दादा, तासाभराचं काम आहे ना?"

नगरच्या जुन्या पेठांतून केडगावला यायचं म्हणजे अंतर ते किती! नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाची गर्दी असली तर वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच. तेवढ्यात मासे सहसा मरत नाहीत. ते मरतात चौथ्या-पाचव्या दिवशी, घर लागल्यावर. तेव्हा मात्र बोल पिशव्या बांधणाऱ्याला लागतो.

कारण स्पंजमध्ये असतं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, आणि तो त्यांच्याच जिवावर उठतो. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. पाण्यात ते फारसे नसतात. फिल्टरच्या स्पंजला आणि तळच्या खडीला धरून राहतात. एका घरी निघायच्या सकाळी काकूंनी मोठ्या प्रेमाने तो 'घाणेरडा' स्पंज साबणाच्या पावडरीत भिजवून, पिळून, गॅलरीत वाळत घातला होता. हातात घेतला तर लिंबाचा वास! तो टाकून नवा बसवला, पण नवी वस्ती जमायला चार-सहा आठवडे जातात. तोवर रोज थोडं पाणी बदला आणि खाणं चिमूटभरच टाका, एवढंच सांगण्यासारखं होतं.

म्हणून मी स्पंज सगळ्यात शेवटी काढतो आणि टँकच्याच पाण्यात, उघड्या बादलीत ठेवतो. घट्ट झाकणाच्या डब्यात प्राणवायू संपतो आणि काही तासांत जिवाणू गुदमरतात. मासे झाकणाच्या बादल्यांत, बॅटरीवरचा एअर पंप लावून. आदल्या दिवसापासून त्यांना उपास, म्हणजे वाटेत पाणी नासत नाही. बादल्या गाडीत सावलीला ठेवायच्या. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी किती तापते ते सांगायला नको.

टँक रिकामाच उचलायचा. "थोडं पाणी राहू द्या, खडी राहू द्या," असं हमालही म्हणतात. तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सव्वाशे लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरून वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. तळाशी चार बोटं पाणी ठेवलं तरी ते हिंदकळतं, काच पिळवटते आणि सिलिकॉनचा जोड सुटतो. बरं, तो लगेच गळत नाही. रात्री गळतो, नव्या फरशीवर.

केडगावची खरी मेख पाण्यात आहे. जुन्या घरी महापालिकेचं, मुळा धरणातलं नळाचं पाणी. नव्या रो-हाउसला बऱ्याचदा बोअर. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, क्षारांनी जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर आणि बादलीत न होणारा साबणाचा फेस पाहिला की मीटर काढायच्या आधीच अंदाज येतो. गप्पी, मॉली, गोल्डफिश अशा पाण्यात रुळतात. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांचं मात्र अवघड. मी निम्मं जुनं पाणी नेतो ते याचसाठी. जिवाणूंसाठी नेतो असा लोकांचा समज आहे, तो असू दे. उरलेलं बोअरचं पाणी आदल्या रात्री पिंपात काढून त्यात एअर पंप सोडायचा, कारण ताज्या उपशाच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मग बारीक नळीने थेंब थेंब बादलीत सोडत तासभर बसायचं.

वास्तुशांतीच्या घरात हा तासभर मिळवणं सगळ्यात कठीण. पाहुणे जमलेले असतात, पोरं टँकभोवती, आणि एखादे काका आल्या आल्या मुठीने खाणं टाकायला निघतात. पहिले दोन दिवस खाण्याचा डबा मी घरमालकिणीकडेच देऊन येतो.