गिमेलवाल्डच्या गायी



लेक बर्नला नोकरीला आहे, म्हणून या जूनमध्ये स्वित्झर्लंडला जाणं झालं. लिहायचंय ते गिमेलवाल्ड या खेड्याबद्दल. साधारण 1360 मीटर उंचीवरचं गाव. रस्त्यावर मोटारी नाहीत. दरीतल्या श्टेखेलबर्गहून रोपवेनं वर जायचं. लाकडी घरं, गोठे, आणि समोर 4158 मीटरचं युंगफ्राउ शिखर, उन्हाळ्यातही बर्फानं पांढरं.

उतार इतका उभा की काही ठिकाणी गवत अजून लांब दांड्याच्या विळ्यानं कापतात. हिवाळाभर गुरं गोठ्यात, म्हणून ही वैरण वाळवून ठेवायची. सांगलीकडच्या शेतकरी घरात वाढलेल्या बाईला हे समजायला दुभाष्या लागत नाही. उन्हाळ्यात गायी वरच्या कुरणांवर जातात, सप्टेंबरात उतरतात. आपले महाराज चातुर्मासाला एका गावी थांबतात, तेव्हा यांची गुरं डोंगरावर! इतकं दूध रोज खाली आणणार कसं? म्हणून वरच मोठ्या कढईत चीज करतात.

(सूर्य तिथं पाठीमागच्या डोंगराआड लवकर जातो, उजेड मात्र नऊपर्यंत. मी आपली डोंगर बघून जेवून घ्यायची.)

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींनी चीजचा तुकडा पुढं केला. मी लेकीला विचारायला लावलं, दूध कशानं फाडता? वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं. ग्रुयेर, एमेंटालरही तसंच होतं. आपल्यासारखा पाकिटावर हिरवा ठिपका तिथं नसतो, जाणार असाल तर विचारूनच घ्या.

मी हात जोडून नको म्हटलं. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग तुमच्याकडं वासरांचं काय होतं?"

लेक माझ्याकडं बघत राहिली. माहेरी चार म्हशी होत्या. रेडी घरी राहायची, रेडकू बाजारात जायचं. बाजारातून पुढं कुठं, ते घरात कुणी बोलत नसे. तेवढंच मी सांगितलं. आजींनी मान हलवली आणि माझ्या दशमीबरोबर खायला घरचा जांभ आणून ठेवला. लेकीनं चीज खाल्लं. मी काही बोलले नाही.

परत आल्यावर आमच्या दूधवाल्या भाऊंना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "वहिनी, आज हे काय काढलंत?" आणि माप ओतून पुढच्या दारी गेले.