आमवात : दुखणे थांबले म्हणजे आजार थांबला का?

“डॉक्टर, हाताला वात आलाय. एक सुई द्या, म्हणजे कामाला लागते.” वेवजी आणि तलासरीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. आवणीचे दिवस असोत किंवा उंबरगावच्या कारखान्यातली पाळी असो, हात चालले नाहीत तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सुई मागणाऱ्या बाईवर मी कधी रागावत नाही. पण सुईने दुखणे थांबले, की आतला आजारही थांबतो का? आज याच प्रश्नावर तुमच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी पुण्यातल्या एका संशोधकाचे काम समजून घेऊ.

सगळे ‘वात’ सारखे नसतात

आपल्याकडे सांधा दुखला की त्याला वात म्हणतात. त्यात वयामुळे झालेली गुडघ्याची झीज येते आणि चिकुनगुन्यानंतर महिनोनमहिने राहणारी सांधेदुखीही येते. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलमुळेही हाडे-सांधे दुखतात, त्यामुळे तरुण पेशंट असेल तर ती तपासणी मी आवर्जून करायला सांगतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

या सगळ्यांहून वेगळा आहे आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात मोठ्या माणसांपैकी साधारण 200 मागे एकाला हा आजार आढळला. म्हणजे एखाद्या मोठ्या गावात असे अनेक रुग्ण असू शकतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीन पट जास्त दिसतो.

राखणदारच उलटला तर?

आपली प्रतिकारशक्ती म्हणजे घराची राखण करणारा कुत्रा. चोरावर भुंकणे आणि वेळ पडल्यास चावणे हे त्याचे काम. आमवातात हा कुत्रा घरच्याच माणसांना चावू लागतो. सांध्याच्या आतल्या अस्तरात पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफसारखी रसायने सोडतात. सांधा सुजतो, गरम होतो, सकाळी आखडतो. यालाच आपण दाह म्हणतो.

शरीरात या कुत्र्याची साखळी धरणाऱ्याही पेशी असतात. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. त्यांच्या शोधासाठीच 2025 चे वैद्यकशास्त्रातले नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

हाड कोण खाते?

आता पुण्याला जाऊ. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत डॉ. मोहन वाणी यांनी बरीच वर्षे या आजारातल्या हाडांचा अभ्यास केला.

हाड ही मेलेली वस्तू नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड खातात आणि दुसऱ्या पेशी त्या जागी नवे भरतात. निरोगी माणसात खाणे आणि भरणे यांचा मेळ असतो. आमवातात टीएनएफसारख्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या पेशी फार वाढतात आणि सांध्याची कड कुरतडली जाते.

वाणी यांच्या गटाला असे दिसले, की इंटरल्युकिन-3 हे शरीरातलेच एक प्रथिन ही वाढ रोखते. ज्या कोवळ्या पेशी हाड खाणाऱ्या होणार असतात, त्यांना ते वेगळ्या वाटेला लावते आणि त्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी बनतात. हा शोध 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सांध्यांचा असाच आजार निर्माण केलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. या प्रथिनाने त्यांचा आजार सौम्य झाला आणि साखळी धरणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी वाढल्या.

हे उंदरांवरचे काम आहे. ‘इंटरल्युकिन-3 चे इंजेक्शन द्या’ असे कुणाला सांगू नका, आमवातासाठी ते औषध म्हणून मिळत नाही. पण यातून तुमच्या कामाची एक गोष्ट कळते : वेदना आणि हाडाची झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदनाशामक गोळी वेदना दाबते, हाड खाणाऱ्या पेशींना थांबवत नाही. हात दुखत नसतानाही आत हाड कुरतडले जात असू शकते. ही हानी बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि कुरतडलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

मग सुई आणि पुड्यांचे काय?

जादूसारखा आराम देणाऱ्या पुडीत किंवा सुईत अनेकदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड वाईट नाही. मुख्य औषध लागू पडेपर्यंत आम्हीही ते थोडे दिवस देतो. पण कुणाच्या देखरेखीशिवाय महिनोनमहिने घेतले, तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग होतात. खूप दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे असते. त्यामुळे अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

खरे औषध कोणते?

आजाराचा वेग कमी करणारी औषधे वेगळी असतात. त्यात मेथोट्रेक्झेट मुख्य आहे आणि ते महागही नाही. काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा :

- ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. वार ठरवा आणि पाकिटावर लिहून घ्या.
- गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका.
- रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या वेळेवर करा. दारू बंद, आणि ताडीही बंद.
- मूल हवे असेल तर आधी सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

एवढ्याने भागले नाही तर टीएनएफ रोखणारी इंजेक्शने आहेत. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी 1992 मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णांवर वापरली. पण टीएनएफचे एक चांगले कामही आहे : शरीरात दडून बसलेल्या टीबीला ते कोंडून ठेवते. म्हणून आपल्या देशात टीबीची तपासणी केल्याशिवाय ही इंजेक्शने सुरू करत नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

- सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात.
- मनगट आणि बोटांचे लहान सांधे, बहुधा दोन्ही हातांचे, सुजतात.
- हे सहा आठवडे झाले तरी कमी होत नाही.

यातली लक्षणे असतील तर ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्यांबद्दल विचारा. नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात ठरत नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणून तो नाही असेही नाही. रिपोर्ट आणि हात, दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर, सुरुवात कुठूनही करा. पण पुढच्या आवणीची वाट पाहू नका. रोप लावायचे, भाकरी थापायची, पोराचे बटण लावायचे ते याच बोटांनी. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले, तर बहुतेकांची बोटे वाचवता येतात.