धुऱ्यावरची बिनपंखी

अकोला-अमरावतीकडच्या धुऱ्यांवरच्या बाभळींना कधीकधी काटक्यांच्या लहान जुड्या लोंबताना दिसतात. वाऱ्याने कचरा अडकला असेल, असे समजून आपण पुढे जातो. ते युमेटा क्रेमेरी या पतंगाचे घर असते. अळी रेशमाची पिशवी विणते, तिला बाहेरून काटे-काटक्या उभ्या चिकटवते आणि ती पिशवी वागवतच पाला खाते. नर पंख घेऊन बाहेर पडतो. मादीला मात्र पंख फुटत नाहीत. ती पिशवीतच वयात येते, तिथूनच गंधाने नराला बोलावते आणि अंडीही तिथेच घालते. तिची कीव येणे साहजिक आहे, पण ती अस्थानी आहे. पतंगाच्या मादीला पंख लागतात तरी कशाला, हे आधी विचारायला हवे.

उत्तर वऱ्हाडातल्याच पऱ्हाटीत सापडते. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल असते आणि अडकतात ते नर. म्हणजे पंख असलेली मादीही जोडीदारासाठी वणवण करत नाही. तिला पंख हवेत ते अंडी योग्य जागी ठेवायला. तिच्या अळ्यांचे पोट मुख्यतः कपाशीवर. पात्या-फुले-बोंडे गाठली नाहीत तर पिढीच बुडाली. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कपाशीची दैना केली, त्यात बीटीला न जुमानण्याची तिची ताकद होतीच, पण शेतोशेत अंडी पोचवणारे पंखही होते. बाभळीवरची अळी एवढी चोखंदळ नाही. इतरही अनेक झाडांचा पाला तिला चालतो, आणि अन्न तर आईच्या भोवतीच उभे असते. प्रौढ मादी स्वतः काही खात नाही; अळीपणी साठवले तेवढेच तिचे भांडवल. ते पंखांत आणि उडण्याच्या स्नायूंत घालण्यापेक्षा अंड्यांत घातलेले बरे.

यावर कोणी म्हणेल, घाटे अळीही कपाशी, तूर, हरभरा सगळे खाते, मग तिच्या मादीचे पंख का टिकले? आक्षेप बिनतोड आहे, आणि त्यामुळे माझे म्हणणे थोडे बदलावे लागते. चोखंदळ नसणे पुरेसे नाही, अन्न जागेवर टिकलेही पाहिजे. पीक निघाले की रान मोकळे होते. बाभूळ वर्षानुवर्षे उभी असते. दुसरा आक्षेप युरोपातून येतो. तिथल्या हिवाळी पतंगाच्या मादीचे पंख खुरटलेले असतात, आणि थंडीत उडणे परवडत नाही हे कारण दिले जाते. तिथे ते खरेही असेल, पण मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. इथल्या बिनपंखी मादीला थंडीचा खुलासा पुरत नाही.

उरला प्रश्न पसरण्याचा. अंड्यातून निघालेल्या इवल्या अळ्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळतात आणि वारा त्यांना दुसऱ्या फांदीवर, दुसऱ्या झाडावर नेतो. प्रवास बंद झालेला नाही, तो आईकडून लेकरांकडे गेला आहे. वारा मात्र पत्ता विचारत नाही. म्हणून धुरे अरुंद होऊन बाभळी तुटत गेल्या, तर हा हिशेब नुकसानीत जाईल: तुरीवर जाऊन पडलेल्या अळीचे पोट समजा भरलेही, तरी तूर कापली जाते, आणि तिथे वाढलेल्या मादीला उठून दुसरीकडे जायची सोय नाही.