बॅनरवरच्या चार ओळी

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री

चि. बाळ,

तुझा निरोप दुपारी वाचला. कृषिदिनाला वसंतराव नाईकांवर चार ओळी हव्यात, 'नगराध्यक्ष ते मुख्यमंत्री' अशा, बॅनरवर टाकायला. इथवर ठीक. पण खाली लिहिलंस, 'आत्या, आपलीही पहिली पायरी झाली, आता विधानसभा.' अरे, तुझ्या कानामागचा गुलाल अजून निघाला नसेल! त्या वाक्याने संध्याकाळपासून मला चैन नाही. माझा दादा असता तर भरल्या ताटावरून उठला असता.

तुझ्या चार ओळी आधी देऊन टाकते. जन्म १ जुलै १९१३, पुसद तालुक्यातलं गहुली, बंजारा समाजातलं घर. नागपूरला वकिली शिकले, १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ साली आमदार, तेही मध्य प्रदेशच्या विधानसभेत, कारण विदर्भ तेव्हा तिकडे होता. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. झालं तुझं बॅनर.

आता बॅनरवर न मावणारं ऐक. राज्य झालं तेव्हा ते महसूलमंत्री होते. कारभार मुंबईतून खाली लोकांपर्यंत कसा न्यायचा, हे ठरवायला १९६० साली सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच. त्या समितीच्या अहवालावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. तू बसलास त्या नगराध्यक्षाच्या खुर्चीचा कायदा १९६५ चा, त्यांच्याच कारकिर्दीतला. आपली कोल्हापूरची नगरपालिका महापालिका झाली ती १५ डिसेंबर १९७२ ला, तेव्हाही तेच मुख्यमंत्री. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात विसापूरच्या वि. स. पाग्यांची रोजगार हमीची कल्पना त्यांच्या सरकारने राज्यभर नेली. माझं ठाम मत आहे बाळ, ज्याने लहान गावच्या खुर्चीत बसून लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकली, त्यालाच सत्ता खाली द्यावीशी वाटते. वल्लभभाई पटेलसुद्धा १९२४ ते १९२८ अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गटारं, पाणी, झाडलोट यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि तू पायरी म्हणतोस!

२०१९ चा पूर आठव. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्याखाली. पंचगंगा गावात शिरलेली आणि आमच्या चावीला थेंब नाही. चौथ्या दिवशी टँकर आला तेव्हा समोरच्या आजी तांब्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कळशी उचलवत नव्हती त्यांना. टँकरवरच्या पोराने ते पाहिलं, काही न बोलता पाइप ओढत त्यांच्या घरात नेला आणि पिंप भरून दिलं. रांगेतलं कुणी हूं की चूं केलं नाही. त्या आठवड्यात आमदार कोण, खासदार कोण, हे आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही. टँकर कुठवर आलाय, एवढंच विचारत होते.

तुझ्या गावच्या खालच्या गल्लीत पहाटे अडीचला पाणी येतं. दादा घड्याळ लावून चावीपाशी बसायचा. एक घागर, अकरा मिनिटं. तारीखवार लिहिलंय त्याने त्या हिरव्या वहीत. वही तुझ्याकडेच आहे ना? की रद्दीत गेली? शोध. अकराची पाच मिनिटं कर, मग मला विधानसभेचं सांग. मी स्वतः बॅनर लिहीन तुझं.

आणि एक विचारते, रागावू नकोस. मळ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवलास हे खरं का? सूनबाई फोनवर काही बोलली नाही, पण तिचा आवाज मला कळतो. निवडणुकीचा खर्च भरून काढायची घाई झाली की माणूस ठेकेदाराच्या दाराशी जातो, आणि एकदा त्याचा चहा प्यायला की मग रस्त्याची जाडी मोजायला तोंड राहत नाही. तू तसा नाहीस. नाहीस ना? पैसे कमी पडत असतील तर मला सांग. माझ्या पेन्शनीतलं बाजूला ठेवलेलं आहे, ते तुझंच आहे. पण आमदारकीसाठी आणखी एक गुंठा गहाण टाकू नकोस.

रात्री-अपरात्री गाडी हाकत फिरू नकोस. जेवणाच्या वेळा सांभाळ, दादाला साखर होती हे विसरू नकोस.

पाऊस धरायच्या आत खालच्या गल्लीची टाकी आतून बघून घे, तिथलाच गाळ घागरीत उतरतो. पण माणूस चढव, तू चढू नकोस. वरून तिसरी पायरी दादा असतानाच गंजली होती.

तुझी,
आत्या