पाच रुपये रोज

नव्वदच्या दशकात मिरजेला आमच्या घराजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं. दारापाशी काका कुणाचातरी टीव्ही उघडून बसलेले असायचे. आतल्या बाजूला काकूंचं शिलाई मशीन होतं. काकू पिको-फॉल करून द्यायच्या. दोघांच्या मधल्या फळीवर चपलांच्या खोक्यांत व्हिडिओ गेमच्या कॅसेटी रचलेल्या असत. भाडं पाच रुपये रोज.

या कॅसेटी कुठून यायच्या ते काकांनाच ठाऊक. बऱ्याचशा नकली असाव्यात. एकीवर नव्व्याण्णव लाख की कितीतरी खेळ असल्याचं छापलं होतं, प्रत्यक्षात निघाले पाच, तेच फिरून फिरून. वरच्या चिठ्ठ्या फाटलेल्या, नाहीतर चिनी-जपानी अक्षरांतल्या. मारिओ म्हणून नेलेल्या कॅसेटीतून रणगाडे निघाले की पोरं भांडायला यायची. शेवटी वैतागून काकूंनी उपाय काढला. पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदाचे तुकडे करून त्यांनी प्रत्येक कॅसेटीला एकेक चिकटवला. नावं त्यांना माहीत नव्हती, म्हणून कॅसेटीत काय घडतं तेवढंच लिहिलं. पण काकू बेळगावकडच्या, कोडी घालण्याची हौस असलेल्या घरातल्या. सरळ लिहितील तर शपथ. घरी नेण्याआधी खेळ ओळखला तर भाडं एक रुपयानं कमी, हेही त्यांनीच जाहीर केलं. काका हरकत घ्यायला लागले तर म्हणाल्या, "जाऊ दे की. भांडण तरी थांबतंय."

काकूंनी हातात रिमोट कधीच धरला नाही. आलेली प्रत्येक कॅसेट काका दुरुस्तीच्या टीव्हीवर लावून बघायचे, तेव्हा साडीच्या काठावरून नजर उचलून त्या अधूनमधून पडद्याकडे बघायच्या, एवढंच. आम्ही पोरं खेळत होतो, त्यामुळे आम्हाला काही दिसत नव्हतं. ज्यातून मरण यायचं तेवढंच आम्ही बघायचो.

एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आभाळात पांढरा, जमिनीवर हिरवा, कापड एकच.' मी बगळा म्हणालो, मग पोपट म्हणालो. रुपया गेला. कॅसेटीतून निघाला मारिओ, जो आम्ही शंभरदा खेळलो होतो. दुसऱ्या दिवशी तावातावानं गेलो, तर काकूंनी टीव्हीवर बोट ठेवलं. "हा ढग बघ. आता हे झुडूप बघ. कटिंग एकच आहे, रंग तेवढा बदललाय."

खरंच तसंच होतं. मारिओचा ढग आणि झुडूप म्हणजे एकच आकृती. मी विचारलं, असं का केलं असेल? काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "कापड कमी पडलं असणार."

या उत्तराची किंमत कळायला मला पंधरा वर्षं लागली. १९८५ साली निघालेला तो सबंध खेळ, म्हणजे त्यातले किल्ले, कासवं, संगीत, सगळं मिळून अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेलं होतं. आज मोबाइलवर आलेली लग्नपत्रिकासुद्धा त्याहून जड असते. कापड कमी होतं म्हणून एकाच तुकड्यातून ढगही बेतला आणि झुडूपही. मिरजेत बसून हे ओळखणाऱ्या बाईनं संगणक पाहिलेला नव्हता, पण अपुऱ्या कापडात दोन झबली बसवलेली होती.

दुसरी चिठ्ठी मला अजून तोंडपाठ आहे. 'घरातली माणसं कमी होत जातात तशी उरलेल्याची धावपळ वाढते.' आई म्हणाली, हे काही कोडं नव्हे, हा आपल्या वाड्याचा हिशेब आहे. उत्तर होतं स्पेस इन्व्हेडर्स. पंचावन्न परग्रहवासी रांगा करून सावकाश उतरतात, आपण त्यांना टिपत जातो, आणि शेवटचा उरतो तो वेड्यासारखा पळतो. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ केला, तेव्हा ही चाल त्यांनी मुद्दाम घातलेली नव्हती. पडद्यावरची चित्रं कमी झाली की यंत्रावरचा भार हलका व्हायचा, म्हणून उरलेली चित्रं भरभर सरकायची. ते त्यांना आवडलं आणि त्यांनी तसंच ठेवलं. काकूंच्या चिठ्ठीत भार वाढत होता आणि यंत्रात कमी होत होता. धावपळ मात्र दोन्हीकडे खरी.

बदकांच्या खेळाचं कोडं होतं, 'बंदूक झाडली की समोरचा डोळा मिचकावतो.' चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीला दिसला तर बदक मेलं. गोळी सुटतच नाही, बंदूक फक्त बघते. काकांनी ती बंदूक उघडली तेव्हा ही गोष्ट कळली. काकूंना ती आधीच दिसली होती.

सगळीच कोडी अशी नव्हती, हेही सांगायला हवं. टेट्रिसच्या चिठ्ठीवर 'विटा पडतात' एवढंच होतं. त्या दिवशी लग्नसराईची कामं तुंबली असावीत.

१९९६च्या मे महिन्यात वडिलांची बदली झाली. सामानाचा ट्रक लागलेला असताना मी शेवटची कॅसेट घेऊन आलो. संध्याकाळी मित्राच्या मशीनवर खेळू आणि त्याच्याकरवी परत करू, असा बेत होता. संध्याकाळी वीज गेली, रात्री ट्रक निघाला, आणि कॅसेट माझ्या दप्तरात नागपूरला आली. पाच रुपयेही दिलेले नव्हते. "उद्या दे की," असं काकू म्हणाल्या होत्या.

नागपूरला आमच्याकडे मशीन नव्हतं. कॅसेट होती, चिठ्ठी होती, खेळ नव्हता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एक परक्यांच्या हाती जाऊ द्यावं. तिथं ते लाल होतं. सोडवून आणलं तर घरात दोन. घाईत आपल्यालाच मारू नये.' आईनं वाचलं आणि लगेच म्हणाली, "सासरी गेलेली लेक." शेवटचं वाक्य तिनं परत एकदा वाचलं, मग कागद माझ्या हातात दिला आणि पोळ्या लाटायला लागली.

उत्तर सापडलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. रात्रपाळीत एका सहकाऱ्याच्या संगणकावर जुने खेळ होते. त्यात नामको कंपनीचा १९८१चा गॅलागा होता. वरून शत्रूचं मोठं यान खाली येतं आणि निळसर झोत सोडतं. मी आयुष्यभर अशा झोतांपासून पळत आलेलो. त्या रात्री बोट घसरलं आणि माझं विमान झोतात ओढलं गेलं. वर शत्रूच्या रांगेत जाऊन बसलं. लाल झालं.

मी खुर्चीतून उठलोच. शिल्लक विमानानं वाट बघितली. मोठं यान कैद्याला घेऊन खाली झेपावलं तेव्हा नेम धरून फक्त यानालाच टिपलं. माझं विमान गिरक्या घेत खाली आलं, दुसऱ्याला येऊन चिकटलं, आणि दोन्ही मिळून गोळ्या झाडायला लागली. सहकारी विचारत होता, "काय झालं रे?" त्याला कुठून सांगणार?

नंतर मिरजेला गेलो. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. आतल्या पोरानं रेडिओवाल्या काकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याला आठवण होती. ते दोघं मुलाकडे गेले, म्हणाला, गाव त्याला सांगता येईना.

कॅसेट माझ्या कपाटात आहे. मध्ये एकदा हिशेब केला. पाच रुपये रोजानं भाडं पन्नास हजारांच्या वर गेलंय. त्यातून एक रुपया वजा.