च्यायला, हसायचं कुठे?

एक प्रश्न विचारू? कॉमेडी फिल्म बघताना तुम्ही जोकवर हसता की शिवीवर? घाई करू नका उत्तराची. मल्टिप्लेक्समध्ये पहिली सणसणीत शिवी पडली की जो हशा उठतो ना, त्यातला निम्मा 'अय्या, हा चक्क बोलला!' याचाच असतो. दुसऱ्या शिवीला तो जरा ओसरतो. दहाव्या शिवीला लोक अंधारात पॉपकॉर्न चाचपायला लागतात.

आता मी काही सोवळ्यातली नाही. पुण्यात आयटीत आहे. रिलीजच्या रात्री एखादी गोष्ट बोंबलली की आमच्या फ्लोअरवर जे कानावर पडतं, ते इथे छापता येणार नाही आणि त्यात माझाही घसघशीत वाटा असतो. त्यामुळे 'संस्कृतीचा ऱ्हास' वगैरे भाषण माझ्याकडून होणे नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

आधी शिव्यांची बाजू. जुलै २०११मध्ये 'डेल्ही बेली' आला. निर्मिती आमिर खानची, दिग्दर्शक आपला अभिनय देव, म्हणजे रमेश आणि सीमा देव यांचा मुलगा. सर्टिफिकेट अर्थातच 'ए'. कळकट फ्लॅटमध्ये राहणारी तीन पोरं, खिसे रिकामे, त्यातल्या एकाचं पोट बिघडलेलं आणि वर मागे गुंड लागलेले. अशी पोरं काय 'अरेरे, केवढा हा बाका प्रसंग!' म्हणणार? त्यांच्या तोंडून शिव्या काढून घेतल्या असत्या तर ती खोटी वाटली असती. पण नीट बघा, खरा जोक शिवीत नाहीच. हिऱ्यांऐवजी भलतंच 'सँपल' गुंडासमोर पोचतं, तो जोक. म्यूट करून बघितलं तरी हसू येईल.

म्यूट टेस्ट म्हणा हवं तर. 'जाने भी दो यारों' (१९८३) घ्या. भर स्टेजवर महाभारत चाललंय आणि द्रौपदीच्या साडीत चक्क एक प्रेत! 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. राहायला खोली हवी म्हणून साड्या नेसलेले दोन बाप्ये. शिव्यांची गरजच पडली नाही. तिन्ही फिल्म्समध्ये माणसं गळ्यापर्यंत अडकलीयत. कॉमेडी तिथून येते. अडकलेला माणूस शिवी देईल किंवा देणार नाही, तो त्याच्या स्वभावाचा प्रश्न. पण कोणी अडकलेलंच नसेल, तर नुसत्या शिव्या ऐकून किती वेळ हसणार?

त्यातून आता ओटीटी. थिएटरमधल्या फिल्मला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, वेब सीरिजला लागत नाही. २०२१च्या नियमांनुसार वयाचं रेटिंग दाखवलं की झालं. लेखकांना मोकळीक मिळाली, छानच झालं. पण दर वाक्याला शिवी मिळायला लागल्यावर तिचा भाव पडला. आपल्या 'च्यायला'चं नाही का असंच झालं? मूळ शब्दात कोणाची तरी आई होती. वापरून वापरून ती इतकी झिजली की आता शाळेतली पोरंसुद्धा कॅच सुटला की म्हणतात आणि कोणी वळूनही बघत नाही.

आई म्हटल्यावर आणखी एक गोष्ट. बहुतेक जड शिव्या कोणाच्या तरी आईच्या नाहीतर बहिणीच्या नावाने असतात. भांडतात दोन पुरुष आणि मध्ये खेचली जाते घरी बसलेली बाई. हॉलमध्ये शेजारचे सगळे खदखदत असताना माझं हसू कधीकधी अर्ध्यावर थांबतं ते यामुळे. 'वीरे दी वेडिंग'मध्ये (२०१८) मैत्रिणी बिनधास्त शिव्या देतात. पहिली दहा मिनिटं मला भारी वाटलं. मग जाणवलं, अरे, शिव्या तर त्याच आहेत, फक्त माईक आमच्याकडे आलाय.

ऑफिसात मुलं शिवी देऊन माझ्याकडे बघतात आणि 'सॉरी हं' म्हणतात. मला शिवीपेक्षा ते सॉरी जास्त लागतं. त्या एका शब्दाने मी टेबलावरून उठून पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसते. फिल्म जेव्हा फक्त शिवीच्या जोरावर हसवते, तेव्हा तीही मला तिथेच बसवते.

आणि आमचे बाबा! मूळचे कुडाळचे. हिंदी सीरिजमध्ये दुसरी शिवी आली की रिमोट शोधतात. पण 'वस्त्रहरण' लागलं की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. मी एकदा छेडलंच, "बाबा, त्यातही शिव्या आहेतच की!" तर म्हणाले, "अगो, ती आमची भाषा. तुझी आजी जेवूक हाक मारी तीपण गाळ घालूनच."

खरंय. आजीचं 'शिरा पडो तुझ्या तोंडार' ऐकून आम्ही कधी दुखावलो नाही, उलट पानावर पळत सुटायचो. त्यात तिचा आवाज होता, राग होता, माया होती, शिवाय रोज नवीन काहीतरी जोडायची कल्पकता होती. मच्छिंद्र कांबळींनी तीच बोली स्टेजवर नेली आणि हजारो प्रयोग हाऊसफुल्ल केले.

म्हणून माझा हिशोब सोपा आहे. शिवी त्या माणसाची स्वतःची असेल तर खुशाल द्या, चार जास्त द्या. उधार आणलेली असेल तर एकही नको. मराठी फिल्मवाल्यांनो, आपल्याकडे मालवणी आहे, वऱ्हाडी आहे, कोल्हापुरी आहे. प्रत्येकीचा शिव्यांचा स्टॉक वेगळा, ठसका वेगळा. तरी तुमच्या फिल्ममधला मुलगा चिडला की हिंदी सीरिजमधली तीच ती शिवी का देतो? जरा आपापल्या आज्यांना फोन लावा की!