दोन नाके

कंधारच्या बाजारपेठेत तीन पिढ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या एका जैन घरातील नातू २०२४ च्या ऑगस्टअखेर एका सत्रासाठी नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे शिकावयास गेला. खर्चासाठी वडिलांनी मुदत ठेव मोडली होती. निरोप देताना नव्वदी ओलांडलेल्या आजोबांनी एवढेच बजावले, "शिकायला चालला आहेस, फिरायला नव्हे. आणि पै न् पै वहीत मांड." नातवाने पाया पडून होकार दिला.

परंतु मास्ट्रिख्ट हे गावच असे वसले आहे की तेथे राहून परदेश टाळणे कठीण. बेल्जियममधील लिएज आणि जर्मनीतील आखेन ही दोन्ही शहरे तेथून जेमतेम तीस किलोमीटरवर; कंधारहून नांदेडला जाण्यापेक्षाही जवळ. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ पाच देशांनी करार केला आणि पुढे सरहद्दीवरील नित्याची तपासणी संपली. तिन्ही देशांत नाणे एकच, युरो. सोबतची मुले सुट्टी मिळाली की शेजारच्या देशात जात आणि संध्याकाळी परत येत. हा मात्र आजोबांचा शब्द आठवून खोलीत बसे. बसे, पण मन तेथे नसे.

१७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. योगायोगाने त्याच दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही आला. सकाळी आजोबांचा फोन आला. ध्वजवंदन आटोपले होते, घरात सर्वांचा उपवास होता. नातू म्हणाला, "माझाही उपवास आहे, आजोबा. आज दिवसभर खोलीतच वाचन करणार आहे." उपवास खरा होता, वाचन खोटे होते. तासाभराने तो मित्रांबरोबर आखेनच्या बसमध्ये बसला. सम्राट शार्लमेनची समाधी असलेले तेथील कॅथेड्रल १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आले होते. ते पाहण्याची त्याला ओढ होती.

आदल्याच दिवसापासून, १६ सप्टेंबरपासून, जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली होती. व्हाल्स हे डच गाव ओलांडताच पोलिसांनी बस थांबवली. मित्रांनी पासपोर्ट दाखवले. याचा पासपोर्ट खोलीतील कपाटात होता. मोबाइलमधील छायाचित्र पोलिसांनी ग्राह्य धरले नाही. नाव नोंदवून त्याला शांतपणे मागे पाठवले. मित्र पुढे गेले आणि तो व्हाल्सच्या बसथांब्यावर एकटाच बसून राहिला. व्हिसा खरा होता, प्रवासाचा हक्कही खरा होता. जवळ कागद तेवढा नव्हता. आणि घरी सांगितलेले खोटे आता दुप्पट जड झाले होते.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. कंधारला घरातील सर्वांनी परस्परांची क्षमा मागून झाल्यावर आजोबांनी फोन लावला. नेहमीचे दोन शब्द बोलून नातवाला मोकळे होता आले असते. पण त्याचा कंठ दाटला. त्याने बस, पोलीस, पासपोर्ट आणि कालचे खोटे, सारे क्रमाने सांगितले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आजोबांनी एक हकिगत सांगितली, जी त्यांनी आजवर घरात कोणालाच सांगितली नव्हती.

तेव्हा कंधार निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सोलापूर इंग्रजी मुलखात, म्हणजे व्यवहाराने परदेशच. दहा वर्षांचे आजोबा वडिलांबरोबर बैलगाडीने लातूरला आणि तेथून बार्शी लाइट रेल्वेने सोलापूरच्या खरेदीला गेले होते. संस्थानचा हाली सिक्का पलीकडे चालत नसे. शंभर कलदार रुपयांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. परतताना हद्दीवर करोडगिरीची जकात भरावी लागे. त्या खेपेस पैसे कमी पडले. वडिलांनी दोन लुगडी मुलाच्या वळकटीत गुंडाळली आणि त्याला वर बसवले. शिपायाने विचारले, "खाली काय आहे?" मुलगा म्हणाला, "अंथरूण." शिपाई पुढे गेला.

"तुला अडवले, हे तुझे भाग्य," आजोबा म्हणाले. "मला कोणी अडवले नाही. तो नाका गेला, तो सिक्का गेला, संस्थानही गेले. माझी वळकटी मात्र अजून सुटलेली नाही. बाळ, तू खोटे बोललास, पण फिरायचे नाही असे सांगून तशी वेळ मीच आणली. उत्तम क्षमा."

त्यानंतर नातवाने प्रवास केला, पण घरी सांगून आणि नियम वाचून. एका शेंगेन देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असल्यास इतर सदस्य देशांत कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत राहता येते. मात्र मूळ पासपोर्ट जवळ हवा. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत. तेथे स्वतंत्र परवानगी लागते. कार्डाचे यंत्र 'रुपयांत की युरोत?' असे विचारते, तेव्हा युरो निवडणे बहुधा स्वस्त पडते, हेही तो शिकला. चीज घेताना त्यात वासराच्या जठरातील द्रव्य नाही ना, हे वेष्टनावर पाहू लागला. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सायंकाळचे भोजन त्याआधी उरकण्यासाठी डबा सोबत ठेवू लागला.

ऑक्टोबरात तो आधी चौकशी करून अँटवर्पच्या विलराइक उपनगरातील जैन मंदिरात गेला. हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे स्थायिक झालेल्या, मुख्यतः पालनपूरकडील, जैन कुटुंबांनी ते उभारले आहे. परंपरा श्वेतांबर, याचे घर दिगंबर. पण वीतराग मूर्तीपुढे हात जोडताना हा भेद त्याला जाणवला नाही. तेथून त्याने आजोबांना फोन केला.

जानेवारीत घरी परतल्यावर त्याने हिशेबाची वही आजोबांपुढे ठेवली. १७ सप्टेंबरच्या ओळीत बसभाड्याची रक्कम होती आणि पुढे लिहिले होते, "घरी खोटे सांगून केलेला खर्च." वडील म्हणाले, "आता ते खोडून टाक." आजोबांनी मान हलवली.

"राहू दे," ते म्हणाले. "वहीत खाडाखोड करत नाहीत. माझीही एक रक्कम त्याच्याखाली लिही. लुगडी दोन, जकात बाकी."